सामाईक घरात राहायला जाण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो. चारचौघांत मिळून भाड्याने राहायचं म्हटलं की स्वयंपाकघर सामाईक, न्हाणीघर सामाईक, आणि सामाईक वस्तूकडे लक्ष कुणी द्यायचं हे कधीच ठरलेलं नसतं. म्हणून अनामत रक्कम हातची सोडण्याआधी घर एकदा स्वतः बघून घ्या.

आधी मीटरजवळची पेटी उघडा. त्यातल्या एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारे खटके, तारांना वाचवतात, माणसाला नाही. माणसासाठी असते ती आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लगेच वीज तोडणारा खटका. तिच्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं आणि ३० एमए, म्हणजे मिलीअँपिअर, हा आकडा छापलेला असायला हवा. १०० किंवा ३०० लिहिलं असेल तर शॉकपासून बचावाला ती पुरत नाही. घरातल्यांना कल्पना देऊन बटण दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. नाही पडला, तर दुरुस्तीआधी सामान आणू नका. या बटणाने अर्थिंग मात्र तपासलं जात नाही. ते वायरमनकडूनच बघून घ्यावं लागतं.

मग सॉकेट बघा. भोवती तपकिरी डाग असेल तर तिथे काहीतरी जळलेलं आहे. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावला की आतली पट्टी तापून सैल होते, आणि सैल झाली की आणखीच तापते.

गॅसच्या नळीवरची मुदत वाचा, जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की गळती. काडी ओढून बघणारे अजूनही भेटतात, त्यांना आवरा! एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो.

गॅस गीझर न्हाणीघराच्या आत असेल आणि धुराचा पाइप बाहेर काढलेला नसेल, तर तो वापरूच नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो. अंघोळ करताना डोकं जड झालं की लोकांना थकवा वाटतो, तिथेच घात होतो.

शेवटी दार. ते आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. रात्री दिवे घालवून, भिंतीला हात लावत आपल्या खोलीपासून तिथवर चाला. चपलांचं कपाट, सायकल, जे पायात येईल ते त्याच रात्री हलवायला सांगा. ई-स्कूटरची बॅटरी त्या वाटेवर चार्जिंगला लावलेली दिसली, तर सगळ्यात आधी ती.