आधी गच्चीवर चला

मित्रहो,

अभियांत्रिकी महाविद्यालयाची जुनी इमारत नवी करायची ठरली की पहिली बैठक दर्शनी भागावर होते. काच कुठं बसवायची, नावाची अक्षरं केवढी. माझी कळकळीची विनंती आहे, जळगाव-भुसावळात ही बैठक गच्चीवर घ्या, आणि मे महिन्यात दुपारी चारला घ्या.

आपण २१ अंश अक्षांशावर राहतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. ऐन उन्हाळ्यात इथं भिंतींपेक्षा छप्पर जास्त ऊन खातं. धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असायचा, तो आपल्या पूर्वजांनी उगाच वाहून नेला नव्हता. आपण मात्र स्लॅब उघडा ठेवतो. तो दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती धग खाली सोडत राहतो. वसतिगृहातली मुलं अंथरूण घेऊन वर का जातात ते यात आलं. त्यात गळती थांबवायला थरावर थर चढवलेला जुना कोबा असतो. त्याचं वजन स्लॅब मुकाट्यानं वाहत असतो. तो आधी उतरवा, मग जलरोधक थर, त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. सौर पॅनेल माणूस खालून जाईल एवढे उंच बसवा. वीजही मिळेल, सावलीही.

दुसरी गोष्ट पश्चिमेची. एका महाविद्यालयाचा ड्रॉईंग हॉल मी पश्चिमेला काच लावून बांधला. मार्च लागताच मुलांनी त्या काचांना ड्रॉईंग शीट चिकटवले. ती चूक माझी होती. पुढं आम्ही बाहेरून विटांची जाळी बांधली, तेव्हा खोली वापरण्याजोगी झाली. ऊन काचेबाहेरच अडवायचं असतं. आत शिरल्यावर पडदा फारसं काही करू शकत नाही. रावेर-यावलचा शेतकरी उष्ण वाऱ्यापासून केळी वाचवायला बागेच्या कडेनं शेवरी लावतो, झाडाझाडाला फडकं गुंडाळत बसत नाही. ड्रॉईंग हॉलला उजेड उत्तरेचा द्यावा. वर्कशॉपच्या करवतीदाती छपराच्या काचा उत्तरेकडे असतात, त्याचं कारण हेच.

वर्गाची प्रयोगशाळा करताना तर फार जपा. वर्गखोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला ३०० किलो भार धरून काढलेला असतो. तिथं लेथ किंवा नमुने ताणून-दाबून तपासणारं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन नेऊन ठेवता येत नाही. जड आणि हादरणारी यंत्रं तळमजल्यावर, स्वतंत्र पायावर, इमारतीच्या पायापासून सुटी हवीत.

आणि एक, जे मला सगळ्यांत जवळचं आहे. दुरुस्तीत जुन्या खांबाचं कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, फोडलं की गंजलेली सळई दिसते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. हे वाक्य मी वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर लिहिलंय. पण मुलानं त्या भेगेत बोट घातलं की मला पुढं बोलावं लागत नाही. म्हणून कंत्राटदार गिलावा करायला येण्याआधी सिव्हिलच्या मुलांना तिथं न्या. काँक्रीटची ताकद अजमावणारा रिबाउंड हॅमर त्यांच्या हातात द्या, आकडे त्यांनाच लिहू द्या. फॉल्स सीलिंग लावू नका, पाइप आणि केबल ट्रे दिसू द्या. जॅकेटिंग केलेल्या, म्हणजे भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं वेष्टण घातलेल्या, एका खांबाशेजारी त्याचा आधीचा फोटो आणि सळयांचं रेखाचित्र लावा, पुढच्या बॅचला रोज येता-जाता दिसेल असं.