दिएन बिएन फूची परिचारिका: जेनव्हिएव्ह द गालार

जेनव्हिएव्ह द गालार ९९ वर्षे जगल्या. त्यांपैकी दोन महिन्यांहून कमी काळ त्या व्हिएतनाममधील दिएन बिएन फूच्या रणभूमीवर, १९५४ मध्ये वेढ्यात सापडलेल्या फ्रेंच छावणीत होत्या, आणि जगाने त्यांना कायम तेवढ्याच दिवसांवरून ओळखले. या माहितीपटातही आपण त्या वेढ्यापाशी बराच वेळ थांबणार आहोत, कारण तिथे त्यांनी जे केले ते थांबून पाहण्याजोगेच आहे. मात्र त्या कोणत्या घरातून तिथे पोहोचल्या आणि तिथून परतल्यावर उरलेली ७० वर्षे त्यांनी कशासाठी दिली, हे सांगितल्याशिवाय त्यांची गोष्ट पुरी होत नाही, असे आम्हाला मनापासून वाटते.

१३ एप्रिल १९२५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. घराणे फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील गास्कनी प्रांतातले, जुने आणि खानदानी. पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात चाकरी केलेले आणि कॅथलिक धर्मावर निष्ठा ठेवणारे. त्या नऊ वर्षांच्या असताना वडील वारले. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा कुटुंब पॅरिस सोडून तुलूझला गेले, आणि जर्मन फौजांच्या ताब्यातला देश कसा असतो हे या मुलीने ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर पाहिले. पुढे पॅरिसला परतून त्यांनी सोर्बोनमध्ये इंग्रजीचा अभ्यास केला, परंतु मन ओढले गेले ते शुश्रूषेकडे. १९५० मध्ये त्या परिचारिका झाल्या.

त्या काळी फ्रेंच हवाई दलात परिचारिकांचे एक लहानसे पथक होते. दूरच्या रणभूमीवरून जखमींना घेऊन येणाऱ्या विमानांत या परिचारिका असत. विमान आकाशात असताना सोबत बहुधा डॉक्टर नसे. स्ट्रेचरवरच्या माणसाचा श्वास अडकला, पट्टीतून रक्त झिरपू लागले किंवा शुद्ध हरपली, तर जो निर्णय घ्यायचा तो त्या एकट्या परिचारिकेने घ्यायचा. जेनव्हिएव्ह यांनी हेच काम निवडले आणि स्वतः मागणी करून त्या मे १९५३ मध्ये इंडोचीनला, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया या फ्रेंच अमलाखालच्या मुलखात गेल्या.

तिथे जे युद्ध चालू होते ते फ्रान्सची वसाहत टिकवण्यासाठीचे होते, आणि समोरचे व्हिएतनामी सैनिक आपल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढत होते. पारतंत्र्य भोगलेल्या देशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही बाजू नजरेआड करता येणार नाही. परंतु जखमेला बाजू नसते, आणि शुश्रूषेचे मोल युद्धाच्या न्याय-अन्यायावरून ठरवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

नोव्हेंबर १९५३ मध्ये फ्रेंच छत्रीधारी सैनिक हनोईपासून सुमारे ३०० किलोमीटर पश्चिमेला, लाओसच्या सीमेजवळच्या दिएन बिएन फू खोऱ्यात उतरले आणि तिथे त्यांनी तटबंदी उभारली. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये सपाट खोरे आणि रसद पोहोचवण्यासाठी केवळ विमानांचा आधार, अशी ती जागा होती. त्या डोंगरांवर जड तोफा चढवणे शक्य नाही, असे फ्रेंच सेनानींनी गृहीत धरले होते. व्हिएतनामी सेनेचे प्रमुख जनरल व्हो न्युएन ज्याप यांच्या सैनिकांनी आणि हजारो हमालांनी त्या तोफा माणसांच्या बळावर ओढत वर नेल्या. १३ मार्च १९५४ रोजी हल्ला सुरू झाला आणि पहिल्याच रात्री फ्रेंचांचे एक ठाणे पडले.

जानेवारीपासून जेनव्हिएव्ह जखमींना आणि आजाऱ्यांना बाहेर काढण्यासाठी या खोऱ्यात ये-जा करत होत्या. आरंभी बहुतेक रुग्ण तापाने वा अन्य आजारांनी ग्रासलेले असत. मार्चच्या मध्यानंतर मात्र विमाने गोळ्यांनी आणि तोफांच्या तुकड्यांनी फाटलेल्या देहांनी भरून निघू लागली. दिवसा उतरणे अशक्य झाल्यामुळे वैमानिक रात्री, जवळजवळ अंधारातच विमान उतरवत. २८ मार्चच्या पहाटेपूर्वी त्यांचे सी-४७ डाकोटा विमान उतरताना नुकसान पावले, तेलगळती सुरू झाली आणि त्याला पुन्हा उडता आले नाही. उजाडताच व्हिएत मिन्हच्या, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या व्हिएतनामी संघटनेच्या, तोफांनी ते उद्ध्वस्त केले आणि धावपट्टीही निकामी झाली. त्यानंतर वेढा संपेपर्यंत तिथे एकही विमान उतरले नाही. जखमींना नेण्यासाठी आलेल्या जेनव्हिएव्ह त्यांच्याबरोबरच अडकल्या.

छावणीच्या रुग्णालयाचे प्रमुख मेजर पॉल ग्रोवँ यांच्याकडे जाऊन त्यांनी काम मागितले. रुग्णालय म्हणजे जमिनीखाली खोदलेली दालने आणि त्यांना जोडणारी अरुंद भुयारे. पुरुषांनी भरलेल्या त्या जागी एका तरुण स्त्रीचा निभाव कसा लागेल, अशी शंका काहींना सुरुवातीला होती; ती फार काळ टिकली नाही. त्यांच्याकडे अत्यवस्थ जखमींचे दालन सोपवण्यात आले. हवाई दलाच्या पोशाखाऐवजी त्यांच्या अंगावर आता सैनिकांचे ठिपकेदार कपडे आले. पट्ट्या बदलणे, मॉर्फिनची इंजेक्शने देणे, ज्यांना हात उरले नव्हते त्यांना भरवणे, आणि जे वाचणार नव्हते त्यांच्याजवळ बसून राहणे, हे त्यांचे दिवसरात्रीचे काम झाले.

एप्रिलमध्ये पाऊस कोसळू लागला. भुयारांत चिखल साचला, छत ढासळू लागले, जखमींची संख्या वाढत गेली, आणि औषध असो वा रक्त, जे काही येई ते आकाशातून छत्रीने येई. त्यातले बरेचसे पलीकडे, शत्रूच्या हद्दीत पडे. जखमांत अळ्या होत, तेव्हा त्या कुजलेले मांस खाऊन जखम स्वच्छ ठेवतात, असे सांगून ग्रोवँ रुग्णांना धीर देत. दोन्ही हात आणि एक पाय गमावलेला एक तरुण सैनिक जेनव्हिएव्ह यांना म्हणाला होता की, हे सारे संपले की मी तुम्हाला नाचायला घेऊन जाईन. त्या मुलाची आठवण त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितली.

याच दिवसांत, १३ एप्रिलला, त्यांना २९ वर्षे पूर्ण झाली, आणि त्याच आठवड्यात गुड फ्रायडे आणि १८ एप्रिलचा ईस्टर आला. लहानपणापासून घरात जपलेली श्रद्धा त्यांनी या भुयारातही सोडली नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना आणि मरणाऱ्याचा हात धरून बसणे ही दोन वेगळी कामे नव्हती, असे त्यांचे आयुष्य पाहिल्यावर आम्हाला वाटते. २९ एप्रिलला छावणीचे प्रमुख जनरल द कास्त्री यांनी त्यांना ‘लेजिऑन द’ऑनर’ आणि ‘क्र्वा द गेर’ ही सन्मानपदके दिली. दुसऱ्याच दिवशी फॉरेन लीजन या परदेशी सैनिकांच्या फ्रेंच पलटणीने त्यांना आपली मानद सैनिक करून घेतले.

इथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. वर्तमानपत्रांनी त्यांना वेढ्यातली एकमेव स्त्री ठरवले, ते खरे नव्हते. सैन्याबरोबर आणलेल्या फिरत्या वेश्यागृहातल्या अल्जेरियन आणि व्हिएतनामी स्त्रियाही तिथे अडकल्या होत्या, आणि त्यांनीही जखमींची शुश्रूषा केली. त्यांना पदके मिळाली नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकींची नावेही आज कोणाला ठाऊक नाहीत. जेनव्हिएव्ह यांचा गौरव करताना या स्त्रियांना वगळणे अन्यायाचे होईल.

७ मे रोजी छावणी पडली. व्हिएत मिन्हने डॉक्टरांना आणि परिचारिकेला काम चालू ठेवू दिले. औषधे नेली जाऊ लागली तेव्हा जेनव्हिएव्ह यांनी त्यांतली काही आपल्या स्ट्रेचरखाली लपवून ठेवली. २४ मे रोजी त्यांची सुटका झाली. जखमींना मागे ठेवून निघणे त्यांच्या मनाविरुद्ध होते.

पुढचे काही महिने कॅमेऱ्यांचे होते. अमेरिकन काँग्रेसच्या निमंत्रणावरून त्या अमेरिकेला गेल्या; २६ जुलैला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्यांची मिरवणूक निघाली आणि २९ जुलैला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी व्हाइट हाउसमध्ये त्यांना ‘मेडल ऑफ फ्रीडम’ दिले. जिनिव्हा करारान्वये इंडोचीनमधले युद्ध थांबून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. ‘दिएन बिएन फूची देवदूत’ हे नाव त्यांना याच काळात चिकटले. आपण केवळ आपले कर्तव्य केले, असेच त्या सांगत राहिल्या.

या कीर्तीचा आधार घेऊन त्यांना बरेच काही करता आले असते. त्या पॅरिसच्या ‘अँव्हालीद’ या सैनिकी वास्तूत, हातपाय गमावलेल्या जवानांना पुन्हा उभे करण्याच्या कामाला लागल्या. वेढ्यातल्या जखमींचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यांच्यासाठी बातमी संपल्यावरही संपलेला नव्हता. १९५६ मध्ये त्यांनी सैन्यातले कॅप्टन जाँ द ऑल्म यांच्याशी विवाह केला. त्यांना तीन मुले झाली. लष्करी अधिकाऱ्याचा संसार म्हणजे बदल्या, वाट पाहणे आणि मुलांना सावरत पुन्हा नवे घर लावणे. या साऱ्यात त्या मनापासून रमल्या, आणि हा काळ त्यांच्या चरित्रातला रिकामा भाग आहे असे समजणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. मुले मोठी झाल्यावर, १९८३ पासून २००१ पर्यंत, त्यांनी पॅरिसच्या १७ व्या विभागात लोकप्रतिनिधी म्हणून काम केले.

दिएन बिएन फूविषयी त्यांनी बराच काळ लिहिले नाही. त्यांच्या आठवणींचे पुस्तक २००३ मध्ये आले, तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या. ७ मे २०२४ रोजी त्या लढाईच्या अखेरीला ७० वर्षे झाली, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला तुलूझमध्ये त्यांचे निधन झाले. राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी फ्रान्सच्या वतीने त्यांना श्रद्धांजली वाहिली.