हिरव्या चहाचे झाड वेगळे नसते!

नमस्कार. चहावरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला आहे, की आज केवळ त्यासाठीच कॅमेऱ्यासमोर बसलो आहे: 'हिरव्या चहाचे झाड कुठे लावतात?' कुठेच लावत नाहीत, कारण हिरव्या चहाचे असे वेगळे झाडच नसते.

चहा चीनमधला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सम्राट शेन नोंगच्या उकळत्या पाण्यात पाने पडल्याची दंतकथाही तुमची पाठ असेल, म्हणून ती सांगत नाही. पुरावाच हवा असेल, तर इ. स. पू. १४१ मध्ये वारलेल्या हान सम्राट जिंगच्या समाधिस्थळी चहाच्या कळ्यांचे अवशेष सापडले आहेत, आणि आठव्या शतकात लू यू याने चहावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

आता झाडाकडे वळू. 'दोन झाडे असतात' असे लिहिणाऱ्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये, कारण वनस्पतींना नावे देणाऱ्या लिनिअसनेही १७६२ साली हीच चूक केली होती आणि हिरव्या व काळ्या चहाच्या दोन निराळ्या प्रजाती मानल्या होत्या. पुढे १८४० च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून हा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ चीनमध्ये हिंडला, तेव्हा एकाच झुडपाच्या पानांपासून दोन्ही चहा होताना त्याने पाहिले. चिनी आणि आसामी असे चहाचे दोन प्रमुख वाण आहेत हे खरे. पण दोन्हींपासून दोन्ही प्रकार करता येतात.

मग फरक कशाने पडतो? वांग्याची फोड चिरून ठेवली की काळी पडते, तेच चहाच्या पानाचे होते. पान चुरगळले, की पेशी फुटतात, आतला रस पानातल्याच विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, आणि हवेच्या संपर्कात येतो आणि पान तांबूस होऊ लागते. खुडल्यानंतर लवकरच पानाला वाफ किंवा कढईचा ताव दिला, तर तो विकर निकामी होतो आणि पान हिरवे राहते. उलट पान आधी कोमेजवून, चुरून, तांबूस होऊ दिले आणि मगच वाळवले, तर काळा चहा होतो. कारखान्यात या पायरीला 'फर्मेंटेशन' म्हणतात, आणि मीही एका व्हिडिओत बेधडक 'आंबवणे' म्हणून मोकळा झालो होतो. एका प्रेक्षकाने कान धरला, तो योग्यच होता, कारण इथे काहीही आंबत नाही. (प्युअर नावाच्या चिनी चहात सूक्ष्मजीव खरोखर काम करतात, पण तो अपवाद.) थोडक्यात, झाड तेच, पान तेच, त्याला आच कधी लागली, एवढेच विचारा.

या 'कधी'वर चहाच्या मळ्यातले सारे आयुष्य बांधलेले असते, म्हणून तुमचा दुसरा आवडता प्रश्न, 'मजूर मळ्यातच का राहतात', हाही याच्याशीच जोडलेला आहे. पान खुडल्या क्षणापासून कोमेजू लागते आणि टोपलीत दाबून भरले तर तापून तिथेच तांबूस पडते. त्यामुळे दिवसातून अनेकदा वजन करून ते कारखान्यात न्यावे लागते, कारखाना मळ्यातच लागतो, आणि साधारण आठवड्याने पुन्हा फुटणारी दोन पाने आणि एक कळी वेळेवर खुडायला माणसेही जवळच लागतात. मळेवाल्यांनी ती जवळ कशी ठेवली, हा इतिहास मात्र सुगंधी नाही.

आसामात सिंगफो लोक आधीपासून चहा पीत होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला ते झाड त्यांच्यामुळेच कळले. १८३९ मध्ये आसाम कंपनी निघाली, मळे वाढले, आणि झारखंडाकडच्या छोटा नागपूरसारख्या भागांतून अरकाटी म्हणजे दलाल लोकांना आमिषे दाखवून घेऊन येऊ लागले. १८६५ च्या कायद्याने तर पळून जाणाऱ्या मजुराला पकडण्याचा अधिकार थेट मळेवाल्यालाच दिला. १९२१ मध्ये आसामातल्या चरगोला खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून पायी निघाले, ते उगाच नव्हे. त्या मजुरांचे वंशज आजही 'लाइन' म्हटल्या जाणाऱ्या वस्त्यांत राहतात. अनेक मळ्यांची घड्याळेही वेगळी आहेत: भारतीय प्रमाणवेळेच्या तासभर पुढे धावणारी 'बागान वेळ', म्हणजे पूर्वेकडे लवकर उगवणारा दिवस हातचा जाऊ नये.

आता शेवटचा पुरावा, ज्यांना लिनिअसही पटला नाही आणि वांगेही पटले नाही त्यांच्यासाठी. वरच्या आसामातल्या एका मळ्यात दुपारच्या वजनाच्या वेळी मी उभा होतो. काट्यावर टोपली टेकवणाऱ्या एका बाईंच्या अंगठ्याची आणि तर्जनीची टोके काळी कुळकुळीत दिसली. टोपलीतले पान हिरवेगार, आणि तेच पान दिवसभर खुडणारी बोटे मात्र काळी! पानाचा रस बोटांवर हवेला लागून काळा पडतो. कारखान्यात होते तेच इथे कातडीवर घडत होते. 'हे धुऊन निघत नाही का?' असे मी विचारले, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दादा, थंडीत खुडणी थांबते आणि छाटणी सुरू होते ना, तेव्हा निघतं."