बैलाच्या डोळ्यातला पांढरा ठिपका

श्रोतेहो, नमस्कार.

परभणी जिल्ह्यातल्या शाळांमधून मी सत्तावीस वर्षे चित्रकला शिकवली. एका वर्षी स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात तिसरीतल्या एका मुलीने पोळ्याच्या बैलाचे चित्र आणले. शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, आणि वशिंडाचा उंचवटा तर इतका नेमका, की हा हात आठ वर्षांचा नाही असे आम्हा शिक्षकांना वाटले. आम्ही चौघांनी तिला कार्यालयात बसवून कोरा कागद दिला. समोर चार गुरुजी उभे असताना तिने काढलेला बैल लाकडी स्टुलासारखा ताठ आला आणि आम्ही निकाल लावून टाकला.

पुढे अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनच्या मार्ला ओल्मस्टेडविषयी वाचले, तेव्हा मला ते कार्यालय आठवले. मार्ला चार वर्षांची असतानाच तिची अमूर्त चित्रे हजारो डॉलरना विकली जात होती. 2005 साली सीबीएस वाहिनीने तिच्या घरी छुपा कॅमेरा लावला. ते चित्रण पाहून मानसशास्त्रज्ञ एलेन विनर यांना त्यात असामान्य काही आढळले नाही, शिवाय वडील सूचना देताना ऐकू आले. चित्रांमागे वडिलांचा हात असल्याचा आरोप पालकांनी नाकारला आणि ती चित्र रंगवत असल्याची चित्रफीत स्वतःहून पुढे आणली. शंका मात्र पुरती फिटली नाही. बैलाचा पाय चुकला तर शेतकऱ्यालाही कळतो; अमूर्त चित्रात चूक कशाला म्हणायचे, हाच मुळात प्रश्न आहे.

कोचीच्या एडमंड थॉमस क्लिंटचे तसे नव्हते. हा मुलगा 1983 साली, सात वर्षांचा होण्याआधीच गेला, पण मागे हजारो चित्रे ठेवून गेला. एकट्या चित्रावर वाद घालता येतो, एवढ्या ढिगावर घालणे अवघड जाते.

हे मला उशिरा सुचले. मी त्या मुलीच्या घरी गेलो आणि जुन्या वह्या मागितल्या. तिने पत्र्याच्या पेटीतून गृहपाठाच्या वह्या काढल्या. मागच्या पानांवर बैलच बैल होते, पहिले बटाट्यासारखे, मग हळूहळू वशिंड येत गेलेले. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ओशाळून म्हणाले, “गुरुजी, डोळ्यातला पांढरा ठिपका तेवढा मी दिला होता.”

मी प्रदर्शनातले चित्र पुन्हा बाहेर काढून पाहिले. तो ठिपका बोटाने झाकला, तर बैल निजल्यासारखा दिसत होता.