कुत्र्या-मांजराच्या तोंडात काय असतं

नमस्कार. घरात कुत्रं नाहीतर मांजर असलेली बरीच मंडळी आज आलेली दिसतात, म्हणून थेट तोंडालाच हात घालू.

माणूस घास चावतो. त्यासाठी आपला जबडा वरखाली होतो, तसाच आडवाही फिरतो. कुत्र्या-मांजराचा जबडा फक्त उघडतो आणि मिटतो, बाजूला जवळजवळ हलतच नाही. खालच्या दाढेची धार वरच्या दाढेच्या आतून घासून जाते, अडकित्त्यासारखी. मांस कापायचं आणि तुकडा तसाच गिळायचा, ही या तोंडाची रीत. दवाखान्यात येणाऱ्या तोंडाच्या आणि घशाच्या तक्रारींपैकी पुष्कळशांचं मूळ याच रचनेत आहे.

मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. वर एका बाजूला पटाशीचे ३, सुळा १, उपदाढा ४ आणि दाढा २. खाली तसंच, फक्त दाढा ३. मांजराचे एकूण ३०. दुधाचे दात पिल्लाला २८, मांजराच्या पिल्लाला २६. ते तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात आणि साधारण सात महिन्यांपर्यंत सगळे बदलतात. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत पुष्कळदा दुधाचा सुळा पडतच नाही, नवा सुळा त्याच्या शेजारी उगवतो आणि मधल्या फटीत अन्न कुजतं. एका जागी दोन सुळे दिसले तर दुधाचा काढून घ्यावा. आपोआप पडेल म्हणून वाट पाहिली, तर तेवढ्यात नवा सुळा वाकडा बसतो.

सगळ्यात महत्त्वाचा दात म्हणजे वरची चौथी उपदाढ. ओठ वर उचललात की गालाच्या आत सर्वांत मोठा दिसतो तोच. खालच्या पहिल्या दाढेशी जोडी जमवून कापायचं मुख्य काम हाच करतो. याला तीन मुळं, आणि ती थेट डोळ्याखालच्या हाडापर्यंत गेलेली. म्हणून कुत्र्याच्या डोळ्याखाली गाठ येऊन फुटली, पू आला, गोळ्यांनी बरी झाली आणि महिन्याभरात पुन्हा आली, तर डोळ्याच्या आधी दात तपासा. दात काढेपर्यंत किंवा त्याच्या मुळाचा इलाज करेपर्यंत ती गाठ येत राहते.

हा दात बिघडतो कसा? कुत्र्याच्या दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, जेमतेम एक मिलिमीटर, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही पातळ. कडक हाड किंवा शिंग जोरात चावलं की या दाताची बाहेरची कपची उडते, कधी कधी आतली नस उघडी पडते. कुत्रं दुखण्याची ओरड करत नाही. ते फक्त एका बाजूने खायला लागतं.

आता कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचा विषय. तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारून झाला की नळी कुत्र्याला जाते. आडवी कापलेली नळी म्हणजे हाडाचं कडं. आतला गर चाटता चाटता ते कडं खालच्या जबड्यावर सुळ्यांच्या मागे सरकतं. सुळे बाहेरच्या बाजूला झुकलेले असल्याने ते परत निघत नाही आणि ओठ, हनुवटी सुजत जाते. ओढाताण करू नका. दवाखान्यात भूल देऊन ते कापूनच काढावं लागतं. दुसरा प्रकार आडव्या तुकड्याचा. हाड, काटकी, उसाचं कांडकं वरच्या दोन मोठ्या दाढांच्या मधे टाळूला आडवं बसतं. कुत्रं पुढच्या पायांनी तोंड ओरबाडतं, लाळ गळते आणि दोन दिवसांत घाण वास येतो.

शिजवलेलं हाड ठिसूळ होतं आणि टोकदार फुटतं. ते अन्ननलिकेत अडकतं तेही ठरलेल्या जागी: छातीच्या तोंडाशी, हृदयाच्या बुडाशी, नाहीतर पोटाच्या पडद्याच्या जरा अलीकडे, कारण तिथे नलिकेला पसरायला जागा नाही. कुत्रं मान ताणून वारंवार गिळल्यासारखं करतं आणि खाल्लेलं लगेच, न पचलेलं बाहेर टाकतं. अशा वेळी हाड खाली उतरावं म्हणून भाताचा गोळा किंवा केळं चारतात. कृपा करून चारू नका. हाड तिथेच दाबून राहिलं की नलिकेची भिंत सडते, भोक पडतं आणि छातीत पू होतो. माझं मत स्पष्ट आहे: शिजवलेलं हाड घरातल्या कुत्र्याला द्यायचंच नाही.

मांजराची जीभ जवळून पाहण्यासारखी. तिच्यावर केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याचेच, घशाकडे वळलेले काटे असतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवलं, की या काट्यांच्या टोकाला पोकळ खाच असते, तिच्यातून लाळ थेट केसांच्या मुळाशी पोचते. पण याच काट्यांमुळे तोंडात गेलेला दोरा मांजराला सहज थुंकता येत नाही. शिवणाचा दोरा किंवा मांजा जिभेखाली अडकतो आणि उरलेला आतड्यात उतरतो. मांजर खात नसेल, उलट्या करत असेल, तर जीभ उचलून पाहायलाच हवी. एका हाताने डोकं वरून धरून नाक आभाळाकडे करा, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचे पटाशीचे दात दाबा आणि अंगठ्याने हनुवटीखालचा मऊ भाग वर ढकला, जीभ वर येते. दोरा दिसला तर ओढू नका. ताणलेला दोरा आतडं करवतीसारखं कापतो.

मांजराला कोरडी गोळी दिली की ती कधी कधी अन्ननलिकेतच राहते. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी तिथे जखम करते, जखम भरताना नलिका आवळते. गोळीमागून सिरिंजने पाच-सहा मिली पाणी हळूहळू, गालाच्या बाजूने द्या.

किटणाबद्दल थोडक्यात. दातावरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत दगडासारखा होतो. लाळेची एक मोठी नळी वरच्या चौथ्या उपदाढेजवळच उघडते, म्हणून तिथे किटण सर्वांत जास्त. ब्रश रोज, वरच्या दातांच्या बाहेरच्या बाजूने, हिरडीच्या कडेला. पेस्ट जनावरांचीच; माणसांच्या काही पेस्टमधलं झायलिटॉल, म्हणजे गोडीसाठी घातलेला साखरेचा पर्याय, कुत्र्याला विषारी आहे.

जातीप्रमाणे घसाही बदलतो. कारवानी या शिकारी कुत्र्याचा जबडा लांब, दात ऐसपैस बसलेले. पगला दात तितकेच, पण जबडा निम्माही नाही, म्हणून दाढा आडव्या फिरतात. मऊ टाळू मात्र लांबच राहतो आणि श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबतो. कुत्रं अंग थंड करतं ते धापा टाकून, आणि पगची वाट तिथेच अडलेली. एप्रिल-मेच्या दुपारी त्याला फिरवायला नेऊ नका.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, हे पाहून घशात हाड अडकलं असं वाटतं आणि माणूस हात घालतो. रेबीजमध्ये घसा आणि जबडा लुळा पडल्यावर चित्र हुबेहूब असंच दिसतं, आणि विषाणू लाळेत असतो. लसीची खात्री नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात उघडा हात घालू नका. त्याला वेगळं कोंडून जनावरांच्या डॉक्टरांना कळवा. लाळ जखमेला, खरचटलेल्या जागी किंवा डोळ्या-तोंडाला लागली असेल, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, डोळे नुसत्या पाण्याने, आणि त्याच दिवशी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा माणसांच्या जवळच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.