अनवाणी पावलांखालचा किडा

पाळण्यातलं बाळ शांत झोपलंय. पण त्याच्या इवल्याशा डोक्यात अखंड बांधकाम चालू आहे. नवजात बाळाचं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातली सुमारे ८७ टक्के एकटा मेंदू घेतो, असा अंदाज आहे. मोठ्या माणसात हाच वाटा पाव भागावर येतो.

आता या बाळाला वारंवार जुलाब होतात, असं समजा. अन्न अंगी लागत नाही. ताप आला की शरीराची शक्ती लढण्यात जाते. मेंदूच्या वाट्याला मग उरेल तेवढंच.

२०१० साली संशोधक क्रिस्टोफर एपिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशोदेशीचे आकडे शेजारी शेजारी मांडले. जिथे संसर्गजन्य रोगांचा भार जास्त, तिथे बुद्धिमापन चाचण्यांतले सरासरी गुण कमी दिसले. पण ही सरासरी कच्ची होती. काही देशांत मोजकीच मुलं तपासलेली, काहींचा आकडा तर शेजारी देशांवरून बांधलेला. शिवाय रोगराई असते तिथे गरिबी असते आणि शाळाही तोकड्या असतात. अशा नकाशावरून कुठल्याही समाजाची कुवत ठरवणं हा अन्यायच.

म्हणून नकाशा बाजूला ठेवू आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत जाऊ.

विसाव्या शतकाची सुरुवात. इथली गरीब माणसं आळशी, मंद, असं सगळे म्हणायचे. खरं कारण मातीत होतं. अनवाणी पायाच्या कातडीतून हुकवर्म नावाचा जंत शरीरात शिरायचा, आतड्याला चिकटून रक्त प्यायचा. दक्षिणेतल्या दहापैकी सुमारे चार मुलांच्या पोटात तो होता. वर्तमानपत्रांनी त्याचं नावच ठेवलं, आळसाचा जंतू.

१९०९मध्ये तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर दिले आणि मोहीम सुरू झाली. गावोगाव दवाखाने, थायमॉल या जंतनाशक औषधाचे डोस, संडास बांधायची शिकवण. माणसं तीच, शेतंही तीच. जिथे हा किडा जास्त होता, तिथेच पुढे शाळेतली हजेरी आणि साक्षरता जास्त वाढली.

केनियातल्या बुसियामध्ये १९९८पासून शाळकरी मुलांना जंतांच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या वेळी गावात वर्षाच्या आतली बाळंही होती. दहाएक वर्षांनी त्यांची चाचणी घेतली, तेव्हा इतर मुलांच्या तुलनेत अर्धं वर्ष जास्त शिकल्याएवढा फरक दिसला, काहींत त्याहूनही थोडा अधिक.

या बाळांनी गोळी घेतलीच नव्हती. त्यांच्या भोवतालच्या मोठ्या मुलांनी घेतली होती.