कॅरी परवान्याच्या अर्जावर पिस्तूल कसं लिहावं

(कॅलिफोर्नियातल्या एका मराठी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय ‘परवान्यावर किती आणि कोणती पिस्तुलं घालावीत’. तिथे आपण पोहोचणार आहोत. पण त्याआधी कॅरी परवान्याच्या, म्हणजे भरलेलं पिस्तूल लपवून सोबत बाळगण्याच्या परवान्याच्या, अर्जातल्या चार रकान्यांबद्दल बोलायचंय: मेक (कंपनी), मॉडेल, कॅलिबर (काडतुसाचं माप), सिरियल नंबर. राहण्याचा पत्ता, नोकरी, बोटांचे ठसे, सगळं माणसं जपून देतात आणि हे चार रकाने मात्र खोक्यावरचं लेबल बघून भरतात. सगळा घोळ तिथे सुरू होतो.

हे रकाने एवढे महत्त्वाचे का, ते आधी बघू. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कॅरी परवाना माणसाला मिळतो. माणूस पात्र ठरला की कायदेशीर असलेलं कुठलंही पिस्तूल त्याने कमरेला लावावं. नेवाडात २०११ पर्यंत सेमी-ऑटोमॅटिक (गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप भरणारी) पिस्तुलं एकेक करून परवान्यावर चढवावी लागत, मग ती अट गेली. टेक्सासमध्ये रिव्हॉल्व्हर की सेमी-ऑटोमॅटिक एवढाच प्रकार बघत, तेही २०१३ मध्ये संपलं. कॅलिफोर्नियात तसं नाही. इथे परवान्यावर तुमची उंची, वजन, डोळ्यांचा रंग असतो आणि सोबत प्रत्येक हत्याराची कंपनी, सिरियल नंबर आणि कॅलिबर असतं. यादीत नसलेलं पिस्तूल जवळ बाळगलंत तर परवान्याची अट मोडली. परवाना रद्द होऊ शकतो, आणि त्या पिस्तुलापुरता तो परवाना खिशात असून नसल्यासारखा. विनापरवाना लपवून शस्त्र बाळगण्याची कलमं मग थेट लागू होतात.

आपल्यापैकी ज्यांच्या गावाकडे घरात बारा बोअर होती, त्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. भारतात आधी परवाना, मग खरेदी, मग हत्यार दाखवून त्याचा नंबर परवान्यावर चढवायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच हत्यारं. निवडणूक लागली की तीही पोलीस ठाण्यात जमा! न्यूयॉर्कचा क्रम बराचसा तसाच आहे. दुकानात पैसे भरायचे, पावती परवाना अधिकाऱ्याकडे न्यायची, परवान्यावर नोंद करून घ्यायची आणि मगच पिस्तूल हातात. कॅलिफोर्नियाचा क्रम उलटा. इथे पिस्तूल आधी तुमच्या नावावर हवं, परवान्याची यादी त्यानंतर.

या ‘नावावर’ शब्दाला १ जानेवारी २०२४ पासून धार आली. ब्रूएन खटल्यातला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जून २०२२ चा. त्यानंतर ‘सबळ कारण दाखवा’ ही अट गेली, आणि मग राज्याने एसबी २ हा कायदा करून बाकीचे स्क्रू आवळले. वय किमान २१, नव्या अर्जदाराला किमान १६ तासांचं प्रशिक्षण, नूतनीकरणाला ८ तास. आणि अर्जात लिहिलेल्या हत्याराचे राज्याच्या न्याय विभागाच्या नोंदीत तुम्ही स्वतः मालक असले पाहिजे.

इथे आपल्या घरांची पंचाईत होते. पिस्तूल नवऱ्याच्या नावावर, परवाना हवाय बायकोला. ‘आमच्यात तुझं-माझं नाही’ हे दिवाणखान्यात ठीक आहे, पण एकत्र कुटुंबपद्धती त्या नोंदवहीला कळत नाही. एका पिस्तुलाचा एकच नोंदलेला मालक. न्यूयॉर्कमध्ये दोघांच्या परवान्यांवर एकच पिस्तूल चढवता येतं, इथे नाही. नवरा-बायकोत मालकी बदलायची तर दुकानदाराकडे जावं लागत नाही. ज्याच्या नावावर करायचं त्याने आधी फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट काढायचं आणि हस्तांतरणाची नोंद तीस दिवसांत न्याय विभागाकडे करायची. त्या सर्टिफिकेटची परीक्षा तीस प्रश्नांची, तेवीस बरोबर आले पाहिजेत. आई-वडील आणि मुलं, आजी-आजोबा आणि नातवंडं यांनाही ही सोय आहे. भावाभावांना मात्र नाही! राज्यातल्या राज्यातसुद्धा त्यांनी परवानाधारक दुकानदाराकडे जायचं, फॉर्म भरायचे, दहा दिवस थांबायचं. राज्याबाहेरच्या नातेवाइकाकडून कारमध्ये टाकून आणणं तर मुळीच नाही, तिथे संघराज्याचा कायदा आडवा येतो.

एच-वन-बीवर असलेल्या तरुण मंडळींसाठी आत्ताच सांगतो, नंतर राहून जाईल. बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला संघराज्याच्या कायद्याने पिस्तूल बाळगताच येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाशी बोलल्याशिवाय वापरू नका. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी अडचण जुन्या लोकांची. दुसऱ्या राज्यातून इथे राहायला आलेल्याने आपली पिस्तुलं साठ दिवसांत नोंदवायची, हा नियम १९९८ पासूनचा. त्याआधी कोणी टेक्सासहून किंवा इलिनॉयहून रिव्हॉल्व्हर घेऊन आलं असेल, तर ते बाळगणं बेकायदा नाही, पण राज्याच्या दप्तरी त्याची नोंदही नसेल. अर्जात लिहिलं की उत्तर येतं, ‘तुमच्या नावावर सापडत नाही’. म्हणून अर्जाआधी न्याय विभागाकडून आपल्या नावावरच्या हत्यारांचा उतारा मागवा. नोंद नसेल तर फायरआर्म ओनरशिप रिपोर्ट (मालकी नोंदवण्याचा फॉर्म) भरा, नोंद झाल्याची खात्री करा, मगच कॅरीचा अर्ज.

आता मूळ दुखणं, म्हणजे नंबर. (घड्याळाकडे बोट दाखवू नका, माझं लक्ष आहे.)

नंबर वाचायच्या आधी पिस्तूल रिकामं करायचं, आणि क्रम चुकवायचा नाही. आधी मॅगझिन (काडतुसांची डबी) बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून अडकवायची, मग चेंबर (नळीच्या मागे काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघायचं आणि बोटाने चाचपायचं. आधी स्लाइड ओढून नंतर मॅगझिन काढलंत तर स्लाइड पुढे जाताना वरचं काडतूस चेंबरमध्ये गेलेलं असतं, आणि मॅगझिन हातात असल्यामुळे तुम्हाला पिस्तूल रिकामं वाटतं. काडतुसं त्या खोलीत ठेवायचीच नाहीत. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर बाहेर काढून सगळी भोकं मोजायची.

मग नंबर शोधायचा तो फ्रेमवर, म्हणजे मूळ सांगाड्यावर, कारण कायद्याच्या दृष्टीने फ्रेम म्हणजेच पिस्तूल. स्लाइड आणि नळी हे सुटे भाग. ग्लॉकवर नळीच्या खाली, फ्रेमच्या पुढच्या भागात धातूची छोटी पट्टी असते, नंबर तिच्यावर. कारखान्यातून येताना तोच नंबर स्लाइडवर आणि नळीवरही असतो, पण कोणी नळी बदलली असेल तर जुळणार नाही. पट्टीवरचा खरा. सिग सॉअरच्या पी ३२० आणि पी ३६५ मध्ये आणखी गंमत आहे. बाहेरची प्लास्टिकची मूठ ही नुसती मूठ, नंबर आतल्या ट्रिगरच्या धातूच्या सांगाड्यावर आणि तो मुठीतल्या छोट्या झरोक्यातून दिसतो. मूठ बदलली तरी पिस्तूल तेच राहतं. पण पी ३२० ची स्लाइड-नळी बदलून नाइन मिलिमीटरचं पॉइंट फोर्टी केलंत, तर नंबर जुळतो आणि कॅलिबर जुळत नाही. परवान्यावर कॅलिबर छापलेलं असतं, हे लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त फसवतं ते स्मिथ अँड वेसनचं जुनं छोटं रिव्हॉल्व्हर. सिलिंडर बाहेर काढला की फ्रेमच्या खाचेत ‘एमओडी ३६’ असं काहीतरी कोरलेलं दिसतं आणि खाली किंवा बाजूला दोन-चार आकडे. अर्जदार ते आकडे सिरियल नंबर म्हणून खुशाल उतरवतो. ३६ हा मॉडेल नंबर, आणि ते खालचे आकडे कारखान्यात सुटे भाग एकमेकांना जुळवताना टाकलेले. सिरियल नंबर मुठीच्या तळाशी असतो. तिथे नंतर बसवलेली जाड रबरी ग्रिप असेल तर तो झाकला जातो, म्हणून तो कोणाला दिसतच नाही. एक स्क्रू काढायचा, ग्रिप उतरवायची, टॉर्च मारायचा. नंबरच्या आधी ‘जे’ असेल तर तोही नंबराचाच भाग, गाळायचा नाही. आणि कंपनीने मॉडेलला आकडे द्यायला सुरुवात केली १९५७ मध्ये, तोवर हेच रिव्हॉल्व्हर चीफ्स स्पेशल या नावाने विकलं जायचं. तेव्हा दप्तरी ‘चीफ्स स्पेशल’ असेल आणि तुम्ही ‘३६’ लिहिलंत, तर कारकून दोन वेगळी हत्यारं समजू शकतो. दप्तरी जे आहे ते लिहा आणि दुसरं नाव शेऱ्यात द्या.

मेकच्या रकान्यातही असंच. स्प्रिंगफिल्ड आर्मरीचं हेलकॅट क्रोएशियात एचएस प्रोडुक्ट बनवते. दोन्ही नावं पिस्तुलावर आहेत. बनवणारा कोण, आयात करणारा कोण, विकणारा कोण? विक्रीच्या नोंदीत दुकानदाराने जे निवडलं असेल तेच अर्जात यावं. कॅलिबरचं म्हणाल तर नाइन मिलिमीटर लुगर, नाइन बाय नाइन्टीन आणि नाइन मिलिमीटर पॅराबेलम एकच. पण पॉइंट थ्री एटी एसीपी, जिला युरोपात नाइन मिलिमीटर कुर्झ म्हणतात, ती वेगळी. नळीवर ‘पॉइंट थ्री फिफ्टी सेव्हन मॅग्नम’ असेल तर तेच लिहा. तुम्ही त्यात थर्टी एट स्पेशल वापरता, हा तुमचा खासगी मामला.

अक्षरांचा सल्ला छोटा आहे पण तोच सगळ्यांना वाचवतो. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’, पाच आणि ‘एस’, आठ आणि ‘बी’. मोबाइलने तिरक्या उजेडात फोटो काढा, मोठा करा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. मग तीन गोष्टी शेजारी ठेवा: धातूवरचा नंबर, न्याय विभागाचा उतारा आणि खरेदीची पावती. खोकं चौथ्या नंबरावरही धरू नका. एका दिवशी दोन सारखी पिस्तुलं घेतली की घरी खोक्यांची अदलाबदल ठरलेली. धातू आणि उतारा यांत फरक निघाला तर ज्या दुकानातून घेतलं त्याच दुकानदाराला पावतीची प्रत देऊन नोंद दुरुस्त करायला सांगा. अर्ज दाखल करण्याआधी. नंतर ‘टायपिंगची चूक’ म्हणून सांगत बसणं फार महाग पडतं, कारण अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा गुन्हा आहे आणि चूक की खोटं हे ठरवणारा समोर बसलेला असतो.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं. आता मूळ विषय, किती आणि कोणती, भराभर.

यादीत किती घालता येतात याची मर्यादा शेरीफ (काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, पोलीस अधिकारी) किंवा पोलीसप्रमुख ठरवतो आणि काउंटीप्रमाणे ती बदलते. एका वेळी अंगावर दोनपेक्षा जास्त नकोत, हा मात्र राज्याचा कायदा. यादीतल्या प्रत्येक पिस्तुलाने नेमबाजी करून दाखवावी लागते, म्हणजे चार लिहिलीत तर चारही रेंजवर न्यायची, चारींची काडतुसं न्यायची. परवाना हातात येईपर्यंत ती रिकामी, कुलूपबंद पेटीतच. ग्लोव्ह बॉक्सला कुलूप असलं तरी ती पेटी धरत नाहीत. प्रशिक्षक जो कागद देतो त्यावरचे नंबर तिथेच, निघण्यापूर्वी तपासा. तो तुमच्याच कागदावरून उतरवतो, म्हणजे तुमची चूक सहीशिक्क्यानिशी परत येते.

माझं मत: दोन किंवा तीन. पहिलं रोजचं. दुसरं शक्यतो त्याच कंपनीचं, त्याच कॅलिबरचं, तीच मॅगझिनं चालणारं. कारण पिस्तूल कारखान्यात दुरुस्तीला गेलं किंवा एखाद्या घटनेनंतर पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवून घेतलं, तर महिनोन्‌महिने परत येत नाही आणि यादीत दुसरं नसेल तर परवाना नुसता कार्ड म्हणून पाकिटात. तिसरं उन्हाळ्यात पातळ कपड्यांखाली मावेल असं छोटं, हवं असेल तर. वडिलोपार्जित, नक्षीदार, भावनिक किमतीचं काही यादीत नको. ते एकदा पुराव्याच्या खोलीत गेलं की गेलं. ट्रिगर हलका केलेलं, सेफ्टी काढलेलं, घरी जुळवलेलं काही नको. ज्यातून दोनशे काडतुसं अडकल्याशिवाय गेली नाहीत तेही नको.

नंतर नवं घेतलंत तर दुरुस्ती-अर्ज, म्हणजे परवान्याच्या यादीत बदल करण्याचा अर्ज: त्या पिस्तुलाची नेमबाजी, फी, नवं कार्ड. त्याने दोन वर्षांची मुदत वाढत नाही, आणि नवं कार्ड येईपर्यंत ते कमरेला लावायचं नाही. विकलंत तर यादीतून काढा. पत्ता बदलला तर दहा दिवसांत लेखी कळवा. कारखान्याने दुरुस्तीऐवजी नवी फ्रेम दिली तर तिचा नंबर नवा, म्हणजे कायद्याने ते नवं पिस्तूल: दुकानदार, दहा दिवस, दुरुस्ती-अर्ज, सगळं पहिल्यापासून. दुरुस्तीला पाठवतानाच कंपनीला विचारा, फ्रेम बदलणार का?

दुसऱ्या राज्याचे परवाने इथे चालत नाहीत, फ्लोरिडाचं कार्ड दाखवू नका. उरलेले प्रश्न बाहेर चहाच्या टेबलापाशी. नंबर आणलेत तर कागदावर लिहून आणा, पिस्तूल नको.